काठीला शिक्षा कशाची? हिब्रू संदेष्टे आणि शत्रूराष्ट्रं

ओसरी

बायबलचा जुना करार श्रद्धेने वाचणारे इथे आहेत, इतिहास म्हणून वाचणारे आहेत आणि नुसते भांडायला येणारेही आहेत. तिघांचंही स्वागत. विनंती एकच: आजच्या पश्चिम आशियाच्या राजकारणाकडे धागा नेऊ नका. त्यासाठीचे धागे दुथडी भरून वाहताहेत.

विषय असा. इ.स.पू. आठव्या शतकात अश्शूर, म्हणजे असीरिया, ही त्या टापूतली सगळ्यात धडकी भरवणारी सत्ता. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास त्यांनी उत्तरेची राजधानी शोमरोन घेतली आणि उत्तरेचं इस्राएलचं राज्य संपलं. तिथली माणसं उचलून दूर नेऊन वसवली, त्यांच्या जागी दुसरीकडची आणून बसवली. दक्षिणेला उरलं चिमूटभर यहूदा, राजधानी यरुशलेम. त्या यरुशलेमात यशया संदेष्टा राहत होता. त्याच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, अश्शूर ही माझ्या रागाची काठी आहे, मीच तिला धाडतोय.

कुणावर? स्वतःच्याच लोकांवर. का? तेही त्या अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे: अन्यायाचे कायदे लिहिणारे, गरिबांचा न्याय अडवणारे, विधवांना आणि पोरक्यांना लुटणारे. म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं सैन्य कूच करतंय आणि हा गृहस्थ त्याचं कारण यरुशलेमच्या कचेऱ्यांत शोधतोय.

इथवर समजतं. पण त्याच दमात तो सांगतो की सियोन डोंगरावरचं, म्हणजे यरुशलेममधलं, काम उरकलं की परमेश्वर अश्शूरच्या राजाकडे वळेल आणि त्याच्या मस्तीचा हिशेब घेईल. राजाची बढाई ऐकण्यासारखी आहे. सोडून दिलेली अंडी घरट्यातून गोळा करावीत तशी मी सगळी पृथ्वी गोळा केली, कुणी पंख फडफडवला नाही, चोच उघडली नाही, चिवचिव केली नाही. त्यावर यशयाचा सवाल: कुऱ्हाड तोडणाऱ्यापुढे मिजास करते का?

माझी अडचण इथे आहे. काठी असेल तर तिला शिक्षा कशाची? आणि शिक्षा द्यायची तर ती काठी कशी?

मला लागलेलं उत्तर सातव्या वचनात आहे. राजाच्या मनात देवाचं काम वगैरे काही नाही, त्याला फक्त राष्ट्रंच्या राष्ट्रं उखडायची आहेत, असं यशया स्पष्ट म्हणतो. कृत्य एक, हेतू दोन. देवाच्या हेतूचं श्रेय राजाला मिळत नाही आणि स्वतःच्या हेतूची जबाबदारी त्याला देवावर ढकलता येत नाही. 'परमेश्वर सर्व राष्ट्रांचा राजा' हे ऐकायला विजयगीत वाटतं, पण संदेष्ट्यांच्या तोंडी ते आधी घरच्यांवरचं आरोपपत्र आहे. शत्रूची पाळी नंतर येते.

जाणकारांच्या प्रतीक्षेत.

खवचट_खारूताई

उगाच गुंतागुंत कशाला? ही हरलेल्यांनी काढलेली समजूत आहे. दोन देवांची कुस्ती झाली, तुमचा चीतपट झाला. आता एक तर जिंकणाऱ्या देवाच्या पाया पडा, नाहीतर सांगा की आमचा हरलाच नव्हता, त्यानेच आम्हाला पाडलं. दुसरा पर्याय स्वस्त पडतो, देव बदलावा लागत नाही. आणि हे फक्त हिब्रूंनाच सुचलं असेल यावर माझा विश्वास नाही.

मातीची_वीट

शेवटच्या वाक्याला दुजोरा देतो. मवाबचा राजा मेशा याचा काळ्या बेसॉल्टवरचा लेख १८६८ साली दीबान इथे सापडला, आजच्या जॉर्डनमध्ये. इ.स.पू. नववे शतक. त्यात मेशा लिहितो की इस्राएलचा राजा अम्री याने मवाबला पुष्कळ वर्षे छळले, कारण कमोश आपल्या भूमीवर रागावला होता. कमोश हा मवाबचा देव. त्याच्या जागी इस्राएलच्या देवाचे, यहोवाचे, नाव घाला, हे वाक्य बायबलमधल्या राजांच्या पुस्तकात बिनबोभाट खपून जाईल.

दुसरे उदाहरण खुद्द अश्शूरचे. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ.स.पू. ६८९ मध्ये बाबेल, म्हणजे बॅबिलॉन, शहर उद्ध्वस्त केले. पुढे त्याचा मुलगा असर-हद्दोन ते पुन्हा बांधायला निघाला तेव्हा त्याच्या लेखकांनी बापाचे नाव शिताफीने टाळले. बाबेलकरांच्या पापांमुळे मर्दुक देव रागावला, त्याने सत्तर वर्षांची ओसाडी लिहून ठेवली, मग त्याला दया आली आणि त्याने आकडा उलटा करून अकरा केला. कीलाकार लिपीत सत्तरच्या खुणांची अदलाबदल केली की अकरा होतात. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलच्या सत्तेला दिलेली सत्तर वर्षे वाचलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

म्हणजे 'आमच्याच देवाने आम्हाला शत्रूच्या हाती दिले' ही त्या भागातली सर्वांची विचारपद्धत होती. यशयाचे वेगळेपण दोन ठिकाणी दिसते. कमोश का रागावला हे मेशा सांगत नाही. विधवा आणि पोरकी मुले त्याच्या लेखात कुठेच नाहीत. आणि ज्या इस्राएलकरवी कमोशने शिक्षा केली त्याच्यावर मेशा खटला चालवत नाही, फक्त 'इस्राएल कायमचा नाहीसा झाला' अशी फुशारकी मारतो. हत्याराला न्यायालयात उभे करणे हा यशयाचा मामला आहे.

अवांतर: अश्शूरला या भानगडीत आणले कोणी? यहूदाच्या आहाज राजाने. अराम (दिमिष्कचे राज्य) आणि उत्तरेचे इस्राएल मिळून यरुशलेमवर चालून आले तेव्हा त्याने मंदिरातले सोने-चांदी अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याला पाठवून मदत मागितली (२ राजे १६). यशया सातव्या अध्यायात अश्शूरच्या राजाला नदीपलीकडून भाड्याने आणलेला वस्तरा म्हणतो. डोके, पाय आणि शेवटी दाढीही साफ. भाडे कोणी मोजले होते हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होते.

ताम्हण

वाचतेय. 'निमित्तमात्रं भव सव्यसाचिन्' आठवलं. तेच नाही का हे?

ओसरी

@ताम्हण, तिथे अर्जुनाला विश्वरूप दाखवून, समजावून सांगितलंय, आणि शेवटी तो 'करिष्ये वचनं तव' म्हणतो. अश्शूरच्या राजाला कुणी विचारलेलंच नाही. आपण कुणाच्या हातात आहोत याचा त्याला पत्ता नाही. तुलना जिथे तुटते तिथेच माझा प्रश्न सुरू होतो.

वीटभाऊ, वस्तरा झकास.

नगरी_माणूस

पत्ता नाही कसा? २ राजे १८ काढा, नाहीतर यशया ३६, मजकूर जवळपास तोच. आमच्या चर्चमध्ये लहानपणापासून हा उतारा ऐकतोय, पण त्यातला काटा फार उशिरा टोचला.

इ.स.पू. ७०१. सन्हेरीबाचा सरदार रब-शाके यरुशलेमच्या तटापाशी येतो. जागा कुठली तेही लिहिलंय: वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आतून हिज्कीया राजाचे तीन अधिकारी येतात. सरदार सुरू होतो. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, भरवशावर आहात? तो चिरलेला बोरू आहे, टेकलात तर तळहातात घुसेल. चल, पैज लावतो, दोन हजार घोडे देतो, तुझ्याकडे बसवायला स्वार तरी आहेत का? अधिकारी घाबरून म्हणतात, साहेब, अरामी भाषेत बोला, आम्हाला समजते. तटावरच्या लोकांदेखत आमच्या भाषेत नको. त्यावर हा मुद्दाम तटावर बसलेल्यांकडे तोंड करून त्यांच्याच भाषेत ओरडतो.

आणि मधेच हे वाक्य टाकतो: परमेश्वराने सांगितल्याशिवाय मी इथे आलोय का? त्यानेच मला सांगितलं, जा, या देशाचा नाश कर.

म्हणजे यशयाचाच सिद्धांत शत्रूचा सरदार यशयाच्या गावात येऊन ऐकवतोय! आणि गंमत म्हणजे, यशया त्याला 'खोटं बोलतोस' असं कुठेही म्हणत नाही. म्हणेल तरी कसा? तो स्वतः तेच सांगत आलाय. तो सरदाराला धरतो ते पुढच्या बोलण्यावर. हमाथचे देव कुठे गेले, अर्पादचे कुठे गेले, मग तुमचा देव तुम्हाला काय वाचवणार? तिथे रब-शाकेने परमेश्वराला त्या पराभूत देवांच्या रांगेत नेऊन बसवलं, आणि हीच अंडी गोळा करणाऱ्या राजाची मिजास.

एकच वाक्य, संदेष्ट्याने म्हटलं तर पश्चात्तापाची हाक, सेनापतीने म्हटलं तर उर्मटपणा. 'देवाने मला पाठवलंय' असं स्वतःबद्दल सांगणाऱ्या प्रत्येक विजेत्याला हा उतारा पाठ करायला लावावा.

खवचट_खारूताई

नगरीभाऊ, हे मस्त होतं, मान्य. पण त्याच गोष्टीत पुढे देवदूत येतो आणि एका रात्रीत अश्शूरच्या छावणीतले १,८५,००० मरतात. हे इतिहास म्हणून गिळायचं का?

मातीची_वीट

सन्हेरीबाची स्वतःची बाजू मातीच्या सहा पैलूंच्या लोलकावर लिहिलेली आहे. तटबंदीची ४६ शहरे घेतली, २,००,१५० माणसे बाहेर काढली, आणि हिज्कीयाला त्याच्या राजधानीत 'पिंजऱ्यातल्या पाखरासारखे' कोंडले. यरुशलेम घेतले असे तो म्हणत नाही. खंडणीचा आकडा देतो: सोने ३० किक्कार (तेव्हाचे मोठे वजन), चांदी ८००. बायबलमध्ये सोने ३०, चांदी ३००. दोन शत्रूंच्या हिशेबवह्यांत सोन्याचा आकडा जुळणे ही थोडी गोष्ट नव्हे.

अश्शूरची राजधानी निनवे, तिथल्या राजवाड्यात सन्हेरीबाने एक अख्खे दालन एका वेढ्याच्या शिल्पांनी भरले होते. ते शहर यहूदातले लाखीश. उतारावरून वर सरकणारी वेढायंत्रे, तटावरून फेकल्या जाणाऱ्या मशाली, त्या विझवायला पळीने पाणी ओतणारा अश्शूरी सैनिक, बैलगाडीवर चंबूगबाळे लादून निघालेली कुटुंबे. हे पट आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. यरुशलेम पडले असते तर त्या दालनात राजधानी कोरली गेली असती, दुय्यम शहर नव्हे.

मग सैन्य परत का गेले? ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तमध्ये ऐकलेल्या कथेत सन्हेरीबाच्या सैन्याचे भाते आणि धनुष्याच्या दोऱ्या रात्रीत उंदरांनी कुरतडल्या. उंदीर म्हटले की काही अभ्यासकांना रोगाची साथ सुचते. काहींच्या मते खंडणी मिळाली, काम झाले, परत गेले. १,८५,००० हा आकडा कोणत्याही एका छावणीसाठी फार मोठा आहे, माझ्या लेखी तो पारंपरिक अतिशयोक्तीत जमा.

जाता जाता: बायबलच्या सांगण्यात सन्हेरीब परत जातो आणि देवळात पूजा करताना मुलांच्या हातून मारला जातो, जणू लगोलग. प्रत्यक्षात खून झाला इ.स.पू. ६८१ मध्ये, वीस वर्षांनी. मुलाने मारले हे मात्र बाबेलच्या इतिवृत्तातही आहे.

आणि असीरियन शिल्पपट पाहायला विलायतेलाच जायला हवे असे नाही. एकोणिसाव्या शतकात तिथून खोदून काढलेला माल बसऱ्याहून मुंबईमार्गे इंग्लंडला जायचा. काही पट आपल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

दुपारची_झोप

खारूताईंच्या 'स्वस्त समजूत' या शब्दावर मला भांडायचंय. स्वस्त? यिर्मयाला विचारा.

शंभर-सव्वाशे वर्षं पुढे. अश्शूर संपलं, आता बाबेल. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम एकदा घेतलंय, राजाला धरून नेलंय आणि सिद्कीयाला गादीवर बसवलंय. काही वर्षांनी अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सीदोन यांचे वकील यरुशलेमात जमतात. जमतात कशाला? उघड आहे, बंडाचा बेत. तिथे यिर्मया मानेवर जू घेऊन येतो, बैलाच्या मानेवर असतं ते. आणि त्या सगळ्या परराष्ट्रीय वकिलांना सांगतो: पृथ्वी मी घडवली, मला योग्य वाटेल त्याला देतो, आत्ता ती मी माझा सेवक नबुखद्नेस्सर याला दिली आहे. माना वाकवा आणि जगा.

माझा सेवक! हा शब्द मोशेसाठी, दाविदासाठी वापरलेला. तो बाबेलच्या राजाला, जो मंदिराची भांडी उचलून घेऊन गेलाय.

समजूत काढून घेणाऱ्या लोकांनी यिर्मयाला हार घातले असतील असं वाटतं? हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने भर मंदिरात त्याच्या मानेवरचं जू काढून मोडलं आणि जाहीर केलं की दोन वर्षांत बाबेलचं राज्य असंच मोडेल. लोकांना ऐकायचं होतं ते हनन्या बोलत होता. पुढे वेढा पडल्यावर यिर्मया 'शहर सोडून बाबेलकरांकडे जाल तर वाचाल' असं सांगत सुटला, तेव्हा सरदारांनी त्याला दोरांनी हौदात सोडलं. हौदात पाणी नव्हतं, गाळ होता, त्यात तो रुतला. त्याला बाहेर काढलं ते एबद-मलेख नावाच्या कूशी माणसाने, परदेशी चाकराने. त्याने वाड्यातल्या जुन्या चिंध्या दोराला लावून खाली सोडल्या आणि सांगितलं, या काखेत धर, मग दोर लाव. काखा सोलू नयेत म्हणून. अडतिसाव्या अध्यायात आहे, वाचा.

घरच्या लोकांना जो सिद्धांत फितुरी वाटत होता त्याला समजूत कसं म्हणणार?

खवचट_खारूताई

@दुपारची_झोप, प्रतिसाद आवडला तरी मत बदलत नाही. पुस्तक कुणी संपादित केलं ते बघा. बाबेलने शहर जाळल्यावर यिर्मयाच्या बाजूच्या लोकांनी. हनन्याचं 'दोन वर्षांत' खरं ठरलं असतं तर आज हनन्याचं पुस्तक असतं आणि यिर्मया त्यात मान वाकवणारा फितूर म्हणून दोन ओळींत संपला असता. ज्याचं भाकीत लागलं त्याची गुंडाळी जपली गेली. मग तुम्ही ती वाचून म्हणता, बघा, देवाची सत्ता!

ओसरी

हा आक्षेप जोरदार आहे. 'अनुवाद' या बायबलमधल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात खरा संदेष्टा ओळखण्याची कसोटी हीच दिलीय, बोललेलं घडलं तर खरा. पण मग खारूताई, न लागलेलं भाकीत पुस्तकात का राहिलं?

यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक, अध्याय २६ ते २८: सोर, म्हणजे टायर, बेटावरचं श्रीमंत बंदर. यहेज्केल सांगतो की नबुखद्नेस्सर येईल, तट पाडेल, संपत्ती लुटेल. ज्यू इतिहासकार योसेफस सांगतो की वेढा तेरा वर्षं चालला. शेवटी सोर बाबेलच्या अंमलाखाली आलं, पण हल्ला करून पाडलेलं, लुटलेलं शहर असं काही झालं नाही. बेटाला भराव घालून ते खरंच पाडलं सिकंदराने, इ.स.पू. ३३२ मध्ये.

आता यहेज्केल २९, सतराव्या वचनापासून. तारीख घातलेली आहे, हिशेबाने इ.स.पू. ५७१. तो लिहितो: नबुखद्नेस्सराने आपल्या सैन्याकडून सोरवर घोर मेहनत करून घेतली, प्रत्येकाच्या डोक्याचं टक्कल झालं, प्रत्येकाचा खांदा सोलवटला, पण त्याला आणि सैन्याला मजुरी काही मिळाली नाही. म्हणून परमेश्वर म्हणतो, मजुरीपोटी मी त्याला मिसर देश देतो, कारण त्याने माझं काम केलं.

टोपल्या वाहून केस झडलेली डोकी आणि सालटं निघालेले खांदे. परक्या, शत्रूच्या सैन्यातल्या हमालांचं अंग संदेष्ट्याला दिसतंय. आणि परमेश्वर म्हणतो की यांची मजुरी माझ्याकडे थकली आहे! इथे तर काठीला रोजंदारी मिळतेय.

मिसरवर नबुखद्नेस्सराने स्वारी केली, इ.स.पू. ५६८-५६७ ची, तिचा एक तुटका बाबेली मजकूर आहे. देश मात्र त्याच्या ताब्यात गेला नाही. म्हणजे दुरुस्तीसुद्धा पुरती लागली नाही. तरी दोन्ही भाकितं शेजारी शेजारी, तारखेसकट, ठेवलेली आहेत. फक्त लागलेलं जपायचं असतं तर हे पान आधी फाडलं असतं.

खवचट_खारूताई

हं. हे पान माहीत नव्हतं. संपादक झोपले होते असं म्हणून वेळ मारून नेता येईल, पण दुपारची झोप रागावेल.

अलिबाग_ते_अश्दोद

धागा उशिरा पाहिला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे, आता इस्राएलमध्ये अश्दोदला. घरात अजून मराठीच. आमच्यात योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, जुने लोक घराची दारं बंद ठेवून उपास करायचे. त्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत जगभरच्या सिनेगॉगांत योनाचं पुस्तक वाचतात. वर्षातल्या सगळ्यात गंभीर दिवशी, उपासाने पोटात कावळे ओरडत असताना, आम्ही काय ऐकतो? निनवे वाचली त्याची गोष्ट! ज्या निनवेने आमची उत्तरेकडची दहा कुळं देशोधडीला लावली ती.

देवाने धाडूनही योना संदेष्टा त्या शहरात जायला तयार नव्हता तो भीतीने नाही. चौथ्या अध्यायात तो स्वतःच सांगतो: तू दयाळू आहेस हे मला माहीत होतं, म्हणूनच मी पळालो. शत्रूवर देवाची सत्ता आहे याचं त्याला दुःख नाही, ती दयेची सत्ता आहे याचं आहे.

आणि नहूम संदेष्ट्याचं पुस्तक वाचा शेजारी ठेवून. तोही सगळा निनवेवरच, पण तिच्या नाशाचा. चाबकांचा आवाज, चाकांचा खडखडाट, प्रेतांना अडखळणारे लोक. नो-आमोनाचा, म्हणजे इजिप्तच्या थेबेसचा, दाखला देतो, ती नगरी अश्शूरने इ.स.पू. ६६३ मध्ये लुटली होती. तुझंही तसंच होईल म्हणतो. झालंही, इ.स.पू. ६१२ मध्ये मेदी आणि बाबेली सैन्यांनी निनवे पाडली. दोन्ही पुस्तकं प्रश्नावर संपतात. नहूम विचारतो, तुझ्या क्रूरपणाचा फटका बसला नाही असा कोण आहे? योनात परमेश्वर विचारतो, उजवं-डावं न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि एवढी गुरंढोरं असलेल्या शहराची मला कीव येऊ नये का? आमच्या शास्त्रात दोन्ही आहेत, कुणीही एकाने दुसऱ्याला खोडलेलं नाही.

निनवेचे ढिगारे आजच्या मोसुलमध्ये. त्यातल्या एकावर नबी युनूस, म्हणजे योनाच्याच नावाची मशीद होती, ती आयसिसने २०१४ च्या जुलैमध्ये उडवून दिली. खाली बोगदे निघाले आणि त्यांत असर-हद्दोनच्या राजवाड्याचे अवशेष.

मातीची_वीट

तोच असर-हद्दोन, सत्तरचे अकरा करणाऱ्या मर्दुकवाला.

मर्दुकचा विषय निघाला तर कोरेशही, म्हणजे सायरसही, येऊ द्या. इ.स.पू. ५३९, इराणचा कोरेश बाबेल घेतो. यशयाच्या पुस्तकाच्या ४५ व्या अध्यायात (हा भाग अभ्यासक बाबेलमधल्या निर्वासितांच्या काळातला मानतात) परमेश्वर त्याला आपला अभिषिक्त म्हणतो. हा मान दाविदाच्या घराण्याचा, तो परक्या राजाला. आणि लगेच जोडतो: तू मला ओळखत नसलास तरी मी तुला नावाने हाक मारली.

आता कोरेशचा मातीचा दंडगोल पाहा. १८७९ मध्ये बाबेलच्या उत्खननात सापडला, जेमतेम वीतभर. त्यात लिहिले आहे की मर्दुकने सगळे देश धुंडाळून एक नीतिमान राजा शोधला, कोरेशचा हात धरला, त्याचे नाव पुकारले. त्याच माणसाला, त्याच विजयासाठी, दोन देवांनी नावाने हाक मारली. एका बाजूला साम्राज्याची राजधानी आणि तिचे पुजारी, दुसऱ्या बाजूला देश, राजा, मंदिर सगळे गमावलेले निर्वासित. दुसऱ्यांचे धाडस मला जास्त थक्क करते. हा दंडगोल २०१३-१४ च्या हिवाळ्यात मुंबईत प्रदर्शनाला आला होता, पारशी मंडळींनी गर्दी केली होती.

नगरी_माणूस

ओसरी, तुमचा मूळ प्रश्न हबक्कूक संदेष्ट्याने थेट देवालाच विचारलाय. खास्दी, म्हणजे बाबेली, लोक येताहेत हे ऐकून तो म्हणतो, तुझे डोळे इतके पवित्र की पाप बघवत नाही, मग दुष्टाने आपल्याहून बऱ्या माणसाला गिळताना गप्प का? तू माणसांना समुद्रातल्या माशांसारखं केलंस. तो त्यांना गळाने ओढतो, जाळ्यात गोळा करतो आणि मग त्याच जाळ्याला धूप दाखवतो, कारण त्यावर त्याचं ताट भरलेलं असतं.

जाळ्याला धूप दाखवणारा हा कोळी म्हणजे फुशारकी मारणारी कुऱ्हाडच. पण यशया उत्तर देतो, हबक्कूक नालिश करतो आणि बुरुजावर जाऊन उभा राहतो, बघू काय जबाब येतो म्हणून. जबाब येतो तो 'थांब' असा. त्याला उशीर लागला तरी वाट पाहा. मला हे यशयाच्या उत्तरापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

ओसरी

नगरीभाऊ, पटलं. मी एवढंच जोडतो की या सगळ्यांच्या आधी, इ.स.पू. ७६० च्या सुमारास, तकोवाच्या आमोस संदेष्ट्याने पाया घालून ठेवला होता. तो शेजारच्या राष्ट्रांवर एकेक करून आरोप ठेवतो. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे इस्राएली खूश, टाळ्या पडत असतील. सातवा नंबर यहूदा. आठवा खुद्द ऐकणाऱ्यांचा, आणि त्यांचीच यादी सगळ्यात लांब: चपलांच्या जोडासाठी विकलेला गरीब.

त्यात मवाबचा गुन्हा बघा. त्याने अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना केला. यात इस्राएलचा संबंध काय? काही नाही. एका परक्याने दुसऱ्या परक्याच्या प्रेताची विटंबना केली, आणि इस्राएलचा देव ती स्वतःच्या दप्तरात नोंदवतो. नवव्या अध्यायात तर कडेलोट: तुम्हाला मिसरातून आणलं हे खरं, पण पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून मीच आणलं ना? पलिष्टी आणि अरामी म्हणजे हाडवैरी. त्यांचंही एक निर्गमन आहे, आणि तेही यानेच घडवलेलं.

ताम्हण

मी यातलं काहीच वाचलेलं नाही. मराठीतून कुठून सुरुवात करू? यशया उघडला आणि ६६ अध्याय बघून मिटला.

दुपारची_झोप

आमोस. नऊ अध्याय, एका बैठकीत होतो. मग हबक्कूक, तीनच अध्याय. मग यशयातले ५ ते १२ आणि ३६-३७. बायबल सोसायटीचं मराठी भाषांतर सहज मिळतं. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं पूर्ण भाषांतरही आहे. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्यानंतर १९२४ मध्ये छापलं गेलं. त्याची मराठी वेगळ्याच वळणाची आहे.

खवचट_खारूताई

मी सगळ्यात छोटं शोधून काढलं. ओबद्या, एकच अध्याय, एकवीस वचनं. चहा निवायच्या आत संपला. पण त्यात नवीनच भानगड निघाली. यरुशलेम लुटलं जात होतं तेव्हा अदोम 'बाजूला उभा राहिला' हा त्याच्यावरचा पहिला आरोप. मग हसला, मग वेशीतून आत शिरून हात मारला, मग नाक्यावर उभा राहून पळणाऱ्यांना पकडून दिलं. त्याला कुणी काठी म्हटलेलं नाही, कुणी सेवक म्हटलेलं नाही, मजुरीचा तर प्रश्नच नाही. ओसरी, बाबेलला निदान 'मला देवाने नेमलं होतं' म्हणायची सोय आहे. या बघ्याने काय सांगायचं?

ओसरी

अदोम म्हणजे याकोबाचा सख्खा भाऊ एसाव, त्याची पोरं. दहाव्या वचनात ओबद्या तेच काढतो, तुझ्या भावावर केलेला जुलूम. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.